‘दिवसाला दोनच’ : एका प्रतिष्ठित समजुतीचे खंडन

सिगारेट प्रकृतीला चांगली असते असे म्हणणारा माणूस आज शोधूनही सापडणार नाही. २०१६-१७ साली भारतात झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात ९२.४ टक्के प्रौढांनी धूम्रपानाने गंभीर आजार होतात हे मान्य केले होते. एवढे एकमत आपल्या देशात दुसऱ्या कोणत्या प्रश्नावर दिसते? पण वाद संपलेला नाही. त्याने फक्त जागा बदलली आहे. सिगारेट वाईट, हे सर्वांना कबूल. पण कोणाची? पाकिटामागून पाकीट संपवणाऱ्याची! दुपारी जेवण झाल्यावर एक आणि संध्याकाळी चहाबरोबर एक, एवढ्यावर थांबणाऱ्याने कोणाचे काय घोडे मारले आहे?

हा प्रश्न अडाणी माणसे विचारत नाहीत. प्राध्यापक विचारतात, वकील विचारतात, बँकेतले अधिकारी विचारतात. आग्रहाने विचारतात, आणि समोरचा गप्प बसला की वाद जिंकला असे समजतात. म्हणूनच या मताचा समाचार नीट, कलमवार आणि पुराव्यानिशी घेतला पाहिजे.

पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडायचा, तर तो असा. शरीर थोडा उपद्रव सोसते आणि भरून काढते. कोणतीही वस्तू विष ठरते ती मात्रेने. मीठ, साखर, चहा, अगदी औषधसुद्धा प्रमाणात घेतले तर बाधत नाही. आयुर्वेद मात्रेचा विचार करतो, आधुनिक विषशास्त्रही करते. अति तिथे माती, हे आपले जुने शहाणपणही तेच सांगते. मग वीस सिगारेटी ओढणाऱ्याला जेवढा धोका, त्याचा विसावा हिस्सा एक ओढणाऱ्याला. आणि तेवढा धोका तर माणूस रोज रस्ता ओलांडतानाही पत्करतो. शिवाय घराघरांत एक आजोबा असतात, जन्मभर विडी ओढून नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिलेले. शिवाय शहरातली हवाच आज इतकी घाण आहे की तिच्यापुढे दोन सिगारेटींचे काय ते अप्रूप. आणि शेवटी, जीव ज्याचा त्याचा.

या पक्षातले एक विधान सोळा आणे खरे आहे आणि ते मी आधीच मान्य करतो. कमी ओढणाऱ्याचा धोका जास्त ओढणाऱ्यापेक्षा कमी असतो. कोणताही डॉक्टर हे नाकारणार नाही. वाद आहे तो ‘किती कमी’ या दोन शब्दांवर. पूर्वपक्षाची सारी इमारत एका गृहीतकावर उभी आहे: धोका सिगारेटींच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढतो. हे गृहीतक कोणी तपासले आहे का?

तपासले आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१८ साली एक विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात हृदयविकार आणि पक्षाघात यांवरच्या १४१ दीर्घकालीन पाहण्या एकत्र करून नेमका हाच प्रश्न विचारला होता: दिवसाला एकच सिगारेट ओढली तर काय होते? पूर्वपक्षाच्या हिशेबाने वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्यापैकी पाच टक्के धोका एक ओढणाऱ्याच्या वाट्याला यायला हवा होता. प्रत्यक्षात काय आले? सिगारेट न ओढणाऱ्या पुरुषाच्या तुलनेत वीस ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा धोका १०४ टक्क्यांनी जास्त होता, आणि एकच ओढणाऱ्याचा ४८ टक्क्यांनी. सिगारेटी वीसपट, वाढीव धोका दुपटीहून किंचित जास्त. स्त्रियांमध्ये एका सिगारेटीने धोका ५७ टक्क्यांनी वाढला, वीस सिगारेटींनी १८४ टक्क्यांनी. म्हणजे तिथेही एका सिगारेटीचा वाटा जवळजवळ एक तृतीयांश. पक्षाघाताचे चित्र फारसे वेगळे नाही. पाच टक्के अपेक्षित होते, निघाले तीस ते सेहेचाळीस. गृहीतक कोसळले.

ते का कोसळते, याचेही उत्तर आहे. हृदयविकाराचा झटका धूर साठत साठत वर्षांनी येतो अशी आपली कल्पना असते; ती अर्धीच खरी आहे. धूर रक्तात पोचताच रक्तातल्या बिंबिका चिकट होतात, धमन्यांचे आतले अस्तर त्यांना सैल करण्याची आपली क्षमता गमावू लागते, आणि रक्ताची गुठळी होण्याची तयारी वाढते. हे बदल अगदी थोड्या धुरानेही होतात आणि पुढे धूर वाढवला तरी त्याच प्रमाणात वाढत नाहीत. आलेखावर मांडले तर रेघ सुरुवातीलाच कड्यासारखी उभी चढते आणि मग हळूहळू सपाट होत जाते. संयमी धूम्रपान करणारा स्वतःला डोंगराच्या पायथ्याशी समजतो. तो अर्धा कडा चढून गेलेला असतो.

आता फुप्फुसाच्या कर्करोगाकडे वळू. इथे संख्येला महत्त्व आहे, हे निःसंशय. पण संख्येहून मोठी एक गोष्ट आहे आणि पूर्वपक्ष तिचे नावही घेत नाही. रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पिटो या दोघांनी १९७८ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या दीर्घकालीन पाहणीतल्या आकडेवारीवरून दाखवून दिले की या रोगाचा धोका रोजच्या संख्येबरोबर जितका वाढतो, त्याच्या कितीतरी पटींनी तो ओढत राहिलेल्या वर्षांबरोबर वाढतो. वर्षांचा घात चार ते पाच आहे. म्हणजे ओढण्याची वर्षे दुप्पट झाली की धोका दुप्पट न होता सोळापटींच्याही पुढे जातो. आता सांगा, सिगारेट लवकर कोण सोडतो? दोन पाकिटे ओढून धाप लागलेला, डॉक्टरने दम भरलेला, बायकोने घर डोक्यावर घेतलेला. आणि तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे कोण ओढत राहतो? ज्याला सोडण्याचे कारणच दिसत नाही तो. संयम हाच त्याचा कालावधी वाढवतो.

‘मी तर रोजही ओढत नाही, कधीमधी,’ असे म्हणणाऱ्यांसाठीही पुरावा आहे. अमेरिकेत सुमारे २ लाख ९० हजार ज्येष्ठ नागरिकांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आयुष्यभर सरासरी दिवसाला एकाहूनही कमी सिगारेट ओढली, त्यांचा मृत्यूचा धोका कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा ६४ टक्क्यांनी जास्त निघाला. फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका नऊपट. नॉर्वेत ४२ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांवर सत्तरच्या दशकापासून २००२ पर्यंत नजर ठेवली गेली. त्यांत दिवसाला एक ते चार ओढणाऱ्यांचे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या पावणेतीन-तीनपट होते.

इथे प्रतिपक्ष म्हणेल, ही सारी गोऱ्यांची उदाहरणे झाली. त्यांचे खाणे वेगळे, हवामान वेगळे. आक्षेप रास्त आहे. तर भारताकडे येऊ. २००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये डॉ. प्रभात झा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. देशभरातल्या ११ लाख घरांत कार्यकर्ते गेले. सुमारे ७४ हजार मृत प्रौढांची चौकशी केली आणि तितक्याच, किंबहुना थोड्या अधिक जिवंत माणसांशी त्यांची तुलना केली. सिगारेट ओढणारा भारतीय पुरुष सरासरी दहा वर्षे आधी मरतो, विडी ओढणारा पुरुष सहा वर्षे आणि विडी ओढणारी स्त्री आठ वर्षे आधी, असे दिसून आले. आणि ‘थोडीच’ ओढणाऱ्यांचे काय? दिवसाला एक ते सात विड्यांनी मृत्यूचा धोका पाव पटीने वाढला. एक ते सात सिगारेटींनी तो जवळजवळ दुप्पट झाला. हा आकडा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे, कारण रोज सिगारेट ओढणारा भारतीय माणूस सरासरीने दिवसाला सातच्या आतच ओढतो. ‘संयमी’ हा आपल्याकडे अपवाद नाही. तोच नियम आहे. त्याच्याच घरी ते कार्यकर्ते गेले होते.

मुंबईचाही पुरावा पाहा. डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात मतदारयाद्या हाती घेऊन, दारोदार फिरून, सुमारे एक लाख मुंबईकरांची नोंद केली आणि पुढे कोण जगले, कोण गेले याचा पाठपुरावा केला. विडी ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका ६४ टक्क्यांनी आणि सिगारेट ओढणाऱ्यांत ३७ टक्क्यांनी जास्त आढळला. आणि जितकी मात्रा अधिक तितका धोका अधिक. चौकस वाचकाच्या लक्षात येईल की हे दोन अभ्यास एका बाबतीत एकमेकांशी जुळत नाहीत. एकात सिगारेट अधिक घातक ठरते, दुसऱ्यात विडी. मी हे लपवत नाही. दोन साक्षीदार ‘कोणाचा वार खोल’ यावर भांडत असतील आणि ‘वार दोघांनी केला’ यावर त्यांचे एकमत असेल, तर न्यायाधीशाने काय निष्कर्ष काढावा? ‘विडी म्हणजे आपली, पानाची, नैसर्गिक’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की तेंदूचे पान कागदासारखे सहज जळत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके जास्त मारावे लागतात, आणि आत फिल्टरही नसतो.

याहून सूक्ष्म आक्षेप एका फार मोठ्या माणसाने घेतला होता. आधुनिक संख्याशास्त्राचे एक जनक सर रोनाल्ड फिशर पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस म्हणाले की धूम्रपान आणि कर्करोग एकत्र दिसतात याचा अर्थ एक दुसऱ्याचे कारण आहे असा होत नाही. कदाचित एकच आनुवंशिक घटक माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कर्करोगाकडेही. ‘ज्याच्या नशिबात आहे त्यालाच होतो’ हे आपले घरगुती वाक्य फिशरच्या सिद्धांताचेच मराठी रूप आहे, म्हणून त्याची दखल घ्यायला हवी. जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली त्याला दिलेले उत्तर तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याने पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. धूम्रपान करणाऱ्यात रोग नऊपट असेल आणि तो सारा फरक एखाद्या छुप्या घटकामुळे पडत असेल, तर तो घटक ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा किमान नऊपट आढळला पाहिजे. असा घटक कुठे आहे? तो आजवर कोणी दाखवलेला नाही. आणि दुसरे, त्याहून सोपे: सिगारेट सोडल्यावर धोका उतरतो. माणसाने सिगारेट सोडली म्हणून त्याची आनुवंशिकता बदलते काय? आपल्या नैयायिकांनी कारण ओळखण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक असे दोन्ही निकष सांगितले: कारण असता कार्य, आणि कारण नसता कार्याचा अभाव. इथे दोन्ही हजर आहेत.

आता आजोबा. या युक्तिवादापाशी मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण आकड्यांनी हरलेला माणूस शेवटी आजोबांच्याच आश्रयाला जातो. आजोबा खोटे नाहीत. ते होते, विडी ओढत होते, नव्वदीत त्यांचे सगळे दात शाबूत होते, हे सारे मी मान्य करतो. पण त्यांनी कोणते विधान खोटे ठरते? ‘प्रत्येक धूम्रपान करणारा अकाली मरतो’ असे कोणी म्हटले असते, तर आजोबा हा त्या व्याप्तीचा व्यभिचार, म्हणजे नियम मोडणारे उदाहरण, ठरला असता आणि वाद तिथेच संपला असता. असे म्हणतो कोण? रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ३४ हजारांहून अधिक ब्रिटिश पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा सुरू केला. पन्नास वर्षांचा हिशेब २००४ साली प्रसिद्ध झाला. तो सांगतो की सातत्याने ओढत राहणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांचा बळी तंबाखू घेते. निम्म्यांचा. उरलेले निम्मे आजोबा होण्यासाठी मोकळेच राहतात! आजोबांचे अस्तित्व या निष्कर्षाविरुद्ध जात नाही. तो निष्कर्षच त्यांना जागा ठेवतो.

आणि साक्षीदारांची निवड कोणी केली, हेही विचारले पाहिजे. नव्वदीपर्यंत जगलेल्या आजोबांना नातू ओळखतो, त्यांच्या मांडीवर बसलेला असतो, त्यांच्या विडीचा वास त्याच्या लक्षात असतो. जे आजोबा बावन्नाव्या वर्षी गेले त्यांना नातवाने पाहिलेलेच नसते. त्यांच्याविषयी घरात काय सांगतात? ‘छातीत कळ आली आणि गेले.’ ‘खोकला लागला होता, तो हटलाच नाही.’ ‘दम्याने बेजार होते.’ ‘क्षय झाला होता, तेव्हा औषधे कुठे होती?’ या चारांपैकी एकाही वाक्यात विडीचे नाव नाही. क्षयाचेच घ्या. त्याचे जंतू तंबाखूतून येत नाहीत, म्हणून क्षयाने गेलेल्या माणसाच्या मरणाशी कोणी विडीचा संबंध जोडत नाही. पण तामिळनाडूतल्या हजारो मृत्यूंची छाननी करून ‘लॅन्सेट’मध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की भारतातल्या पुरुषांच्या क्षयमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांमागे धूम्रपान आहे. सुप्त राहिला असता असा जंतू धुराने दुबळ्या झालेल्या छातीत उठून बसतो. म्हणजे एक आजोबा साक्षीला येतात, आणि दुसरे आजोबा भिंतीवरच्या फोटोत राहतात, तेही दुसऱ्याच रोगाच्या नावाने. असल्या साक्षीवर कोणते न्यायालय निकाल देईल?

शहरातल्या हवेचा मुद्दा त्या मानाने लवकर संपतो. हवा वाईट आहे, हे खरेच. पण मुंबईच्या त्या पाहणीत विडी ओढणारा आणि न ओढणारा, दोघेही मुंबईचीच हवा घेत होते. हवा दोघांना समान. मृत्यूचे प्रमाण असमान. मग फरक हवेचा कसा? उलट हवेतल्या सूक्ष्म कणांचा, दुसऱ्याच्या धुराचा आणि स्वतःच्या धुराचा हृदयावरचा परिणाम एकाच आलेखावर मांडला असता तीच सुरुवातीची उभी चढण दिसते. वाईट हवा हे सिगारेट न ओढण्याचे आणखी एक कारण आहे.

काही जण संख्येऐवजी जात बदलतात. ‘हलकी’ सिगारेट घेतात. तिची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. फिल्टरभोवतीचा कागद उजेडासमोर धरला तर अनेक प्रकारांत बारीक छिद्रांची एक रांग दिसते. धूर मोजणाऱ्या यंत्राच्या तोंडात ही छिद्रे उघडी राहतात, बाहेरची हवा आत शिरते, धूर पातळ होतो, आणि टारचा आकडा कमी येतो. माणूस यंत्रासारखा ओढत नाही. त्याची बोटे आणि ओठ नेमके त्याच छिद्रांवर येतात. शिवाय मेंदूला ठरावीक निकोटिन हवे असते. ते मिळेपर्यंत तो झुरका खोल घेतो, जास्त वेळ रोखतो, सिगारेट शेवटपर्यंत ओढतो. संख्या कमी करणाराही हेच करतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ सालीच या प्रकाराचा सविस्तर पंचनामा केला आणि अशा सिगारेटींनी लोकांच्या आरोग्याला फायदा झाल्याचा पुरावा नाही असे सांगितले. हलका होता तो यंत्रावरचा आकडा.

जीव ज्याचा त्याचा, हे तत्त्व मला प्रिय आहे. पण ते इथे लागू पडते का? ताकेशी हिरायामा यांनी १९८१ साली जपानमधल्या ९१ हजारांहून अधिक, स्वतः न ओढणाऱ्या विवाहित स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे पती ओढत होते त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग जास्त आढळला, आणि पती जितके अधिक ओढणारे तितका अधिक. त्या स्त्रियांनी कोणते स्वातंत्र्य वापरले होते? स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहून ओढलेल्या ‘एकच’ सिगारेटीचा धूर घरातल्या लेकराला विचारून आत जात नाही.

राहिला एक शेवटचा प्रश्न, आणि तो चतुर आहे. एका सिगारेटीने जर अर्धा धोका येतच असेल, तर कमी तरी का करावे? वीसच ओढाव्यात! नाही. कर्करोगाचा धोका संख्येबरोबर चढतो, म्हणून विसावरून दोनावर येणे निरर्थक नाही. पण हृदयाचा हिशेब ध्यानात घेतला तर दोनावर थांबणे म्हणजे कष्टाचा सारा भाग पार करून फायद्याचा अर्धा भाग सोडून देणे आहे. विसावरून एकावर येणाऱ्या पुरुषाने वाढीव धोक्याचा साधारण निम्मा भाग टाळला. एकावरून शून्यावर येताच उरलेला निम्मा उतरणीला लागतो. आणि उशीर झाला, ही सबबही टिकत नाही. डॉल यांच्या पन्नास वर्षांच्या हिशेबात साठीत सोडणाऱ्यांना सरासरी तीन वर्षे परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत सोडणाऱ्यांना जवळजवळ पूर्ण दहा.

हे सारे माहीत असूनही ‘दिवसाला दोनच’ टिकून आहे ते टपरीमुळे. दोनच ओढणारा माणूस पाकीट घेत नाही, सुटी सिगारेट घेतो. टपरीवाला पाकीट आपल्या बाजूला ठेवतो, दोन बोटांनी एक सिगारेट काढून देतो. टपरीला दोरीने बांधलेला लायटर असतोच. पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचे चित्र आणि इशारा, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तिथे छापला जाणारा सिगारेट सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक, यांतले काहीच त्या ग्राहकापर्यंत पोचत नाही. याच कारणासाठी महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. ती आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर पाळली जाते का, हे वाचकांनी स्वतः जाऊन पाहावे, आणि पाळली जात नसेल तर प्रभागातल्या लोकप्रतिनिधीला त्याचा जाब विचारावा.